नकाशावर ठिपका पडेल तिथं जायचं : आखणी कशी करता?

शिवारवाट
गेलं वर्षभर आम्ही चौघं एक गोष्ट नेमानं करतोय. महिन्यातून एकदा अक्षांश-रेखांशाची सोडत काढायची आणि ठिपका पडेल तिथं जायचं. सगळा खेड्यापाड्यांचा पट्टा, म्हणजे शेतं, माळ, ओढे, मधूनच एखादी वस्ती. आतापर्यंत अकरा ठिपके काढले. सात ठिकाणी पोचलो, तीन वेळा अलीकडेच थांबलो, एकदा निघालोच नाही. आधी वाटायचं, आकडे काढले, गाडी काढली, झालं. तसं होत नाही. निम्मी सहल आदल्या संध्याकाळी नकाशापुढे बसून होते, आणि ती नीट झाली तरच दुसरा दिवस नीट जातो.

आमची रीत सांगते. नकाशावर ०.१ अंशाचे चौकोन आखले आहेत. एक चौकोन दक्षिणोत्तर साधारण ११ किलोमीटर भरतो. आधी चौकोनाची चिठ्ठी, मग पुढच्या अंकांच्या. ० ते ९ अशा दहा चिठ्ठ्या डब्यात, एक काढायची, वाचायची, परत डब्यात टाकून डबा हलवायचा. हे परत टाकणं महत्त्वाचं आहे. पहिल्या खेपेला आम्ही चिठ्ठी बाहेरच ठेवत होतो, त्यामुळे एक अंक दोनदा येणंच शक्य नव्हतं आणि कितीतरी जागा नकळत सोडतीतून बाद झाल्या होत्या. दशांशानंतर चार अंकांवर थांबतो. तिसऱ्या अंकाला जागा ११० मीटरच्या आसपास ठरते, चौथ्याला ११ मीटर. पाचवा अंक एक मीटर सांगतो, पण फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही पाचेक मीटर इकडंतिकडं दाखवतं, मग त्या अंकाचं करायचं काय?

आमचा एकच कडक नियम आहे, सोडत एकदाच. तो कसा झाला ते लिहिते. तिसऱ्या खेपेला ठिपका पडीक रानात पडला. नकाशावर तिथं काहीही नव्हतं, नावसुद्धा नाही. सहा किलोमीटरवर तळं होतं आणि आमच्यातल्या एकीचं म्हणणं, दुसरा ठिपका काढू, तळ्याच्या अंगाला येतोय का बघू. बरीच वादावादी झाली, शेवटी गेलो. ठिपक्यापाशी एक काटेरी झुडूप होतं. काट्यांत लोकरीचे मळकट पुंजके अडकलेले, सगळे गुडघ्याच्या उंचीला आणि सगळे एकाच बाजूला. म्हणजे मेंढ्या रोज इथूनच, याच अंगानं जातात. पुढच्या झुडपालाही तसेच पुंजके. त्यांच्या मागानं चालत गेलो तर ओढा ओलांडायला छान उतार सापडला. हाच उतार येताना शोधण्यात आमचा पाऊण तास गेला होता आणि नकाशात तो नव्हताच. तळ्यावर गेलो असतो तर सगळे बघतात तेच बघून आलो असतो.

आता जाणकारांकडून तीन गोष्टी हव्या आहेत. सोडतीतून काय काय वगळता? ठिपक्याच्या किती जवळ गेलं की पोचलो म्हणायचं? आणि ठिपका कुणाच्या उभ्या पिकात पडला तर काय करता?

नवखा१२
ताई, झुडपाचं वाचून लगेच नकाशा उघडला. अगदी प्राथमिक प्रश्न आहे. चिठ्ठ्या न काढता फोनवरून आकडे घेतले तर चालतं का? आणि लांब राहणाऱ्या मित्रांबरोबर हे करायचं असेल तर सगळ्यांना एकच ठिपका कसा मिळणार?

होकायंत्र
नवखा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर २००८ सालीच कुणीतरी देऊन ठेवलंय. रँडल मन्रो यांनी त्या वर्षी मे महिन्यात त्यांच्या एक्सकेसीडी या वेबवरच्या चित्रमालिकेत एक रीत मांडली. तिला जिओहॅशिंग म्हणतात. त्या दिवसाची तारीख आणि डाऊ जोन्स या न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातल्या निर्देशांकाचा बाजार उघडतानाचा आकडा एकापुढे एक लिहायचा, त्यावर एमडी५ नावाची गणिती प्रक्रिया चालवायची. जे लांबलचक उत्तर येतं त्याचा पहिला अर्धा भाग अक्षांशाच्या दशांशांना, दुसरा रेखांशाच्या. अंशाचा पूर्णांक तुमच्या भागाचा. मग त्या एका अंशाच्या चौकोनात राहणाऱ्या प्रत्येकाला, एकमेकांशी काही न बोलता, तोच ठिपका मिळतो. बाजार कितीवर उघडेल हे आधी कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे ठिपका आपल्या सोयीनं काढता येत नाही. शिवारवाटनं जो नियम वादावादी करून मिळवला, तो इथं रीतीतच बसवलेला आहे.

आखणीच्या दृष्टीनं एक बारकावा. ३० अंश पश्चिम रेखांशाच्या पूर्वेला असलेल्यांनी आदल्या दिवशीचा आकडा घ्यायचा असतो, कारण तिथं दिवस निम्मा सरतो तरी न्यूयॉर्कचा बाजार उघडलेला नसतो. शनिवार-रविवारी बाजार बंद. म्हणून पूर्वेकडच्यांना शुक्रवारी बाजार उघडला की शनिवार, रविवार आणि सोमवार या तिन्ही दिवसांचे ठिपके मिळतात. शुक्रवारी रात्री तिन्ही नकाशावर टाकायचे आणि दिवस ठरवायचा. ही सोडत फिरवणं झालं असं मी मानत नाही, कारण तिन्ही ठिपके आधीपासून समोर असतात. एक अंश मात्र फार मोठा. विषुववृत्तापाशी तो चौकोन १११ किलोमीटर बाय १११ भरतो, म्हणजे बारा हजार चौरस किलोमीटरांहून जास्त. बरेच ठिपके एका दिवसात जाऊन येण्यासारखे नसतात. शिवारवाटचे ११ किलोमीटरचे चौकोन मला जास्त पटतात.

याच्याही आधीची गोष्ट म्हणजे १९९६ साली ॲलेक्स जॅरेट यांनी सुरू केलेला डिग्री कॉन्फ्लुअन्स प्रकल्प. पूर्ण अंशाचा अक्षांश आणि पूर्ण अंशाचा रेखांश जिथं छेदतात तिथं जायचं आणि चारी दिशांचे फोटो काढायचे. दोन्ही ध्रुव धरून पृथ्वीवर असे ६४,४४२ छेद येतात, त्यातले निम्म्याहून जास्त समुद्रात. तिथं १०० मीटरच्या आत गेलं तर भेट यशस्वी धरतात. नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक अमेरिकेनं मे २००० मध्ये काढून टाकली. त्याआधी यंत्रच शंभरेक मीटर चुकायचं. तरी लोक जात होते.

दशांश
+१ चौकोनांना. फोनवरून आकडे घेतले तरी चालतात, पण लोक एक चूक हमखास करतात. ‘घरापासून २० किलोमीटरच्या आत कुठंही’ असं ठरवतात, मग एक दिशा आणि ० ते २० मधलं एक अंतर काढतात. असं केलं की ठिपके घराभोवती दाटतात. कारण साधं आहे. १० किलोमीटरच्या आतलं क्षेत्रफळ पूर्ण वर्तुळाच्या पाव हिश्शाएवढंच असतं, आणि या रीतीनं निम्मे ठिपके त्या पाव हिश्शात पडतात. उपाय असा : ० ते १ मधला आकडा काढा, त्याचं वर्गमूळ घ्या, त्याला २० नं गुणा. मग निम्मे ठिपके १४ किलोमीटरच्या पलीकडे पडतात, आणि तेच बरोबर आहे.

दुसरं म्हणजे ठिपका दुर्गम येईल ही भीती बऱ्याच वेळा खोटी ठरते. दोन समांतर रस्ते दोन किलोमीटर अंतरावर असतील तर मधला कुठलाही ठिपका जवळच्या रस्त्यापासून फार तर एक किलोमीटर लांब असतो, सरासरी अर्धाच. चालणं कमी असतं. ते कशातून आहे, यावर सगळा दिवस ठरतो.

आणि नवखा, तुमच्या पट्ट्यात शेतं जास्त असतील तर ठिपके शेतांतच पडणार. सलग पाच शेतं आली म्हणून सोडतीत काही बिघडलंय असं समजू नका.

पाऊलखूण
मी हे एकटीनं करते, म्हणून तयारीबद्दल थोडं सविस्तर.

सगळ्यात आधी आकड्यांची लिहिण्याची पद्धत तपासा. माझी एक पूर्ण सहल यात गेली. वहीत मी दशांशात .३५ लिहिलं होतं आणि फोनमध्ये भरताना ते ३५ मिनिटं म्हणून भरलं. एका अंशाची मिनिटं ६०, म्हणजे .३५ अंश होतात २१ मिनिटं. १४ मिनिटांचा फरक पडला. अक्षांशाचं एक मिनिट साधारण १.८५ किलोमीटरचं, त्यामुळे मी जवळजवळ २६ किलोमीटर उत्तरेला, भलत्याच गावाच्या शिवारात उभी होते. तेव्हापासून दोन सवयी लावून घेतल्या. ठिपका फोनमध्ये टाकल्यावर त्याच्या शेजारच्या गावाचं नाव वहीत लिहायचं, आणि निघताना वहीतले आकडे नव्यानं भरून तेच गाव येतंय का बघायचं. अक्षांश-रेखांशाची अदलाबदलही यातच पकडली जाते.

नकाशा आधी उतरवून घ्या. जीपीएसला मोबाईलचं नेटवर्क लागत नाही, पण नेटवर्क नसेल तर पहिलं स्थान पकडायला वेळ लागतो आणि खालचा नकाशा कोराच राहतो. उपग्रहचित्र कुठल्या महिन्यातलं आहे ते बघा. उन्हाळ्यातल्या चित्रात पायवाटेसारखी दिसणारी पांढरी रेघ पावसाळ्यात वाहता ओढा निघते. हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

वेळेचा अंदाज मी नेस्मिथ यांच्या नियमानं काढते. १८९२ साली स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो सांगितला : पाच किलोमीटरला एक तास, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तो चांगल्या वाटेवरच्या दमदार माणसाचा हिशोब आहे. नांगरलेल्या रानात मी वेळ दुप्पट धरते. त्याशिवाय परत फिरायची वेळ घरीच कागदावर लिहिते आणि ती झाली की ठिपका समोर दिसत असला तरी वळते. घड्याळ बघायचं राहिलं तर हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये बोटं आडवी धरते. एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं. चार बोटं उरली की तासाभराचा उजेड आहे.

ठिपका, जाण्याची वाट, गाडी कुठं लावणार आणि परतायची वेळ, या चार गोष्टी घरी एका माणसाला सांगितल्याशिवाय मी निघत नाही.

बांधावरून
मी शेती करतो. ज्या शेतांत तुमचे ठिपके पडतात त्यातलं एक माझंही असू शकतं, म्हणून लिहितोय.

येऊ नका असं माझं म्हणणं नाही. कुणी आपलं रान बघायला आलं तर बरंच वाटतं. पण तुम्हाला जे मोकळं दिसतं ते मोकळं असतंच असं नाही. पेरणी झालेलं रान आणि पडीक रान लांबून सारखंच दिसतं. जवळ येऊन खाली बसा आणि जमिनीच्या पातळीवरून बघा, कोंब असतील तर ओळीत दिसतील. उभं राहून दिसत नाहीत. कोवळ्या कोंबावर पाय पडला की तिथं त्या हंगामाला खाडा पडतो. पाणी दिलेल्या रानाला वरून पापुद्रा धरतो, कोरडं वाटतं, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. त्यात तुमचे हाल होतात आणि माझी माती दाबली जाते. फवारणी कधी झाली हेही तुम्हाला बाहेरून कळणार नाही. पानांवर पांढुरके डाग दिसले किंवा उग्र वास आला तर आत शिरूच नका, पोरं बरोबर असतील तर अजिबात नाही.

विचारायचं कुणाला, हा प्रश्न लोकांना पडतो. रानात जो पहिला माणूस दिसेल त्याला विचारा. शेत त्याचं नसलं तरी कुणाचं आहे ते तो सांगेल आणि बऱ्याचदा हाक मारून बोलावूनही देईल. फोन पुढे करून आकडे दाखवू नका. फोन घेऊन रानात फिरणारा अनोळखी माणूस दिसला की आमच्या मनात पहिली शंका मोजणीची येते, कुणाची जमीन जाणार आहे की काय म्हणून. सरळ सांगा, आम्ही नकाशावर एक जागा ठरवून ती बघायला येतो, तुमच्या बांधावरून जाऊ का? मी तरी नाही म्हणणार नाही.

गाडी रानाच्या तोंडाला लावू नका. तुम्हाला ती रिकामी जागा वाटते, पण ट्रॅक्टर तिथूनच वळतो. फाटक उघडं असेल तर उघडंच ठेवा, लावलेलं असेल तर आत गेल्यावर लावा. मेंढरांपाशी कुत्रं असेल तर पळू नका, थांबा, मालकाला हाक द्या.

सगळ्यात चांगले दिवस काढणी झाल्यानंतरचे. तेव्हा सरळ ठिपक्यापर्यंत या.

नवखा१२
दादा, खाली बसून कोंब बघायचं कधीच सुचलं नसतं. मनापासून आभार.

शिवारवाट
बांधावरून, तुमचा प्रतिसाद आम्ही चौघांनी एकत्र बसून वाचला. मोजणीची शंका आमच्या डोक्यातच आली नव्हती. आता कळतंय, पाचव्या सहलीत ते आजोबा सुरुवातीला इतके तुटक का बोलत होते. आम्ही दोघी फोन वर धरून त्यांच्या बांधावर मागंपुढं करत होतो.

काय वगळायचं याबद्दल आमचं जे ठरलंय ते लिहिते, कारण ‘सोडत एकदाच’ म्हटलं की लोकांना वाटतं कुठंही घुसायचं. वगळायच्या जागांची यादी असते, पण ती सोडतीआधी लिहून भिंतीवर लावलेली असते. घरांची अंगणं, खाणी, रेल्वेमार्ग, पाणवठ्याचं पात्र, राखीव जंगल, तारेचं कुंपण घातलेलं काहीही. ठिपका या यादीत बसला तर पुन्हा काढतो, आणि तसं वहीत लिहितो. यादीत नसेल तर जायचं. ठिपका बघितल्यावर यादीत भर घालायची नाही. भर घालायची असेल तर पुढच्या महिन्यापासून. एवढ्या एका गोष्टीनं आमची भांडणं संपली, कारण ‘तिथं धोका आहे’ आणि ‘तिथं कंटाळा येईल’ ही दोन कारणं आधी एकमेकांत मिसळायची.

जो ठिपका वाचून आम्ही निघालोच नाही तो या यादीच्या आधीचा होता. खाणीच्या कडेपासून चाळीस मीटरवर. घरीच बसलो, आणि त्याच संध्याकाळी यादी लिहायला घेतली.

होकायंत्र
यादी आधी लिहायची, हे फार मोलाचं. मीही आता तसंच करणार.

‘पोचलो’ कधी म्हणायचं याबद्दल माझा अनुभव. शेवटच्या वीसेक मीटरमध्ये फोनवरचा बाण भिरभिरायला लागतो. ठिपका एवढा जवळ आला की जीपीएसच्या पाचेक मीटरच्या चुकीनंही दिशा पार बदलते. तिथं बाणामागं धावू नका. उभे राहा, अर्धा मिनिट थांबा, आकडे स्थिर होऊ द्या. मग एकच आकडा जुळेल असं चाला, म्हणजे सरळ उत्तर-दक्षिण. तो जुळला की वळून पूर्व-पश्चिम. दोन हालचालींत काम होतं. दाट झाडीत मी २० मीटरच्या आत आलो की समाधान मानतो, मोकळ्यावर दहाच्या आत.

आणि वाटेत सापडलेले उतार, पायवाटा, विहिरी ओपनस्ट्रीटमॅपवर टाकत जा. २००४ पासून चालू असलेला हा नकाशा लोकांनीच भरलेला आहे. शिवारवाट, तो मेंढ्यांचा उतार टाकलास का?

शिवारवाट
टाकला, काका. त्याच आठवड्यात.

शिवारवाट
बाराव्या ठिपक्याचा वृत्तांत.

ठिपका उभ्या पिकात पडला. उपग्रहचित्रात तिथं उघडी माती होती, प्रत्यक्षात पीक कमरेएवढं. आम्ही गाडी मुख्य रस्त्यालाच सोडली, फोन पिशवीत ठेवले आणि बांधाबांधानं गेलो. अलीकडच्या तुकड्यात एक काकू खुरपत होत्या. जसं बांधावरून यांनी सांगितलं तसंच सांगितलं. त्या उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, जागा कुठली ती दाखवा. मग फोन काढला. त्यांनी आकड्यांकडे बघितलं नाही, आमच्या बोटाच्या दिशेनं बघितलं आणि म्हणाल्या, तिथं दगड आहे. आमच्या नकाशावर काही नव्हतं. त्या म्हणाल्या, मोठा दगड आहे, नांगर तिथून वळवून घ्यावा लागतो.

पिकात शिरायचं नव्हतंच. त्यांनी आम्हाला बांधाच्या कोपऱ्यावर नेलं. तिथून पिकाच्या मध्यावर एक खळगा दिसत होता, शेंड्यांची सपाट रेघ तेवढ्याच जागी खाली बसलेली. दगडाभोवती पीक उगवत नाही, म्हणून. कोपऱ्यावरचे आकडे घेतले, ठिपका तिथून १४० मीटर भरला. अर्धा तास तिथंच बसलो. काकूंनी सांगितलं की त्यांच्या सासऱ्यांनी तो दगड काढायला दोन उन्हाळे खणलं होतं आणि खाली तो रुंदच होत गेला.

वहीत ‘१४० मीटर अलीकडे, पीक उभं’ असं लिहिलंय. निघताना काकू म्हणाल्या, सहा आठवड्यांनी काढणी आहे, मग या, दगडावर बसून बघा. तारीख लिहून घेतली आहे. त्या महिन्यात नवी सोडत काढणार नाही.

बांधावरून
काढणीनंतर लगेच जा. पुढची नांगरट सुरू झाली की पुन्हा वाट राहणार नाही. आणि दगडाचा फोटो इथं टाका, आमच्याही रानात तसाच एक आहे.

नवखा१२
यादी काल रात्री लिहिली, आज डबा हलवला. ठिपका दोन वस्त्यांच्या मधे आलाय, नकाशावर तिथं काहीच नाही. शेजारच्या गावाचं नाव वहीत लिहिलं, आकडे दोनदा भरून बघितले. शनिवारी उजाडताना निघतोय.